पेटंटला जपता, मग कामगारांना का नाही?

अ‍ॅपलचा विषय निघाला की मला चीनमधल्या सुझौचा, अ‍ॅपलला टचस्क्रीन पुरवणाऱ्या विनटेक कंपनीचा कारखाना आठवतो. तिथे टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन नावाचं रसायन वापरायचे, का तर ते लवकर उडून जातं आणि काम पटापट होतं, पण त्याच्या वाफेने नसा खराब होतात, हातपाय बधिर पडतात, चालणंसुद्धा अवघड होतं. 137 कामगारांना बाधा झाली हे अ‍ॅपलने 2011 च्या स्वतःच्याच रिपोर्टमध्ये मान्य केलंय. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅपलचे फोन जोडून देणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या शेनझेनमधल्या कारखान्यात एकामागोमाग एक कामगारांच्या आत्महत्या, आणि मग कोणी उडी मारू नये म्हणून इमारतींना जाळ्या लावल्या. जाळ्या! पगारही वाढवले म्हणा, पण 2012 च्या तपासणीत आठवड्याला 60 तासांच्या वर काम सापडलंच.

आणि पेटंटचं बघा, गोल कोपऱ्यांच्या डिझाइनपासून स्क्रीनवर बोट फिरवण्यापर्यंत सगळं आमचंच म्हणून अ‍ॅपलने सॅमसंगला कोर्टात खेचलं, 2012 मध्ये ज्युरीने 100 कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली, नंतर ती कमी झाली, तडजोड व्हायला 2018 उजाडलं. आपलं डिझाइन जपावं, त्यात चूक काहीच नाही. पण कामगारांचा विषय आला की कारखाना सप्लायरचा आहे, आमचा नाही, हे अ‍ॅपलच्या बाजूचं उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण रेट, डेडलाइन, क्वालिटी सगळं तुम्हीच ठरवता ना?