दोहा २०२२: एका दिवसात दोन मॅच

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला मॅचचं तिकीट मिळालं तरी कतारमध्ये शिरायला हय्या कार्ड, म्हणजे प्रेक्षकांचा प्रवेश परवाना, लागायचं, आणि कार्डासाठी राहण्याचा पत्ता. मावसभाऊ दोह्यात नोकरीला आहे. त्याने पोर्टलवर आपलं घर नोंदवून पाहुणा म्हणून माझं नाव घातलं, आणि हॉटेलच्या भानगडीतून सुटलो. याच कार्डावर मेट्रोही फुकट होती.

आठही स्टेडियम दोहा आणि आसपासच. गटातल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या मॅच दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १० ला. म्हणून २८ नोव्हेंबरला दोन घेतल्या: १ ची कॅमेरून-सर्बिया, ७ ची ब्राझील-स्वित्झर्लंड. मॅच निवडताना मी टीमच्या आधी मेट्रोचा नकाशा बघत होतो. अल खोरचं अल बय्त स्टेडियम म्हणूनच सोडलं. तिथे मेट्रो जात नाही.

पहिल्या मॅचला, अल जनूब स्टेडियममध्ये, दुपारी पैसे वसूल झाले. सर्बिया ३-१ ने पुढे, मग कॅमेरूनचा अबूबकर मैदानात आला, गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकला आणि लगेच चुपो-मोटिंगला पास दिला. ३-३!

खरी कसोटी नंतर. स्टेडियम ते अल वक्रा स्टेशन बस, तिथून रेड लाइनने मुशेरिब, तिथे बदलून गोल्ड लाइनने रास बू अबूद, म्हणजे दुसऱ्या मॅचच्या स्टेडियम ९७४ चं स्टेशन. प्रवास थोडा, रांग फार. स्टेशनाबाहेर शिर्डीच्या दर्शनबारीसारखे नागमोडी कठडे लावले होते आणि माणसं टप्प्याटप्प्याने आत सोडत होते. ठरवून मोकळी ठेवलेली मधली वेळ यातच गेली. कमी अंतर ऐकून सलग मॅचचे बेत आखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

स्टेडियम ९७४ हे जहाजाच्या कंटेनरांचं. कतारचा टेलिफोन कोडही ९७४ च. तिथे एसी नव्हता, म्हणून मॅच फक्त अंधार पडल्यावर व्हायच्या. पूर्वार्धात दिवे क्षणभर गेले, तेव्हा मला तर घरीच असल्यासारखं वाटलं. ब्राझीलच्या कासेमिरोचा गोल आला ८३ व्या मिनिटाला. तोवर मॅच रटाळच होती.

परतीला पुन्हा रांग. घरी पोचून जेवायला बसलो तोच लुसैल स्टेडियमवरच्या रात्री १० च्या मॅचमध्ये पोर्तुगालचा उरुग्वेवर पहिला गोल झाला. मग तो रोनाल्डोचा की ब्रुनो फर्नांडिसचा, यावरून मावसभावाशी भात गार होईपर्यंत वाद.