चौथं पार्टिशन

दिवाळीच्या सुट्टीत भाची मिरजेला आली आणि माळ्यावरचा दादाचा लॅपटॉप खाली निघाला. २०११ सालचा, विंडोज ७, ५०० जीबीची हार्डडिस्क. भाची आठवीत आहे, तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय. दादाची अट अशी की त्याच्या विंडोजला हात लावायचा नाही, कारण हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुकानाची आठ वर्षं आहेत. पण विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यावरून पोरीला इंटरनेटवर सोडायला माझं मन होईना. मग विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाकायचं ठरवलं.

डी ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त रिकामा होता. तो ४० जीबीने लहान केला आणि मोकळ्या जागेत नवीन व्हॉल्यूम करायला गेले, तर सूचना आली की ही डिस्क आता डायनॅमिक होईल, म्हणजे साध्या (बेसिक) मांडणीऐवजी विंडोजच्या खास मांडणीत जाईल. इथे घाईत ‘येस’ दाबू नका, हे मी हात जोडून सांगते. एकदा डिस्क डायनॅमिक झाली की तिच्यावर दुसरी सिस्टीम टाकणं अवघड होऊन बसतं, आणि सगळं पुसल्याशिवाय विंडोज ती परत बेसिक करून देत नाही.

अडचण जागेची नव्हतीच. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा तक्ता एमबीआर पद्धतीचा; तो असतो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, शेवटचे २ खुणेचे, उरले ६४. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. आमच्या चारही भरलेल्या: १०० एमबीचं सिस्टीमचं, सी, डी, आणि शेवटी ड्राइव्हच्या यादीत कधीच न दिसणारं १५ जीबीचं रिकव्हरी.

एक नोंद मोकळी करायला हे रिकव्हरीच काढावं, असं ठरवून दादाला फोन लावला. तो म्हणाला, “ते राहू दे गं. उद्या फोटो उडाले तर तिथूनच परत मिळतील ना?”

त्यात त्याचा एकही फोटो नव्हता. लॅपटॉप कारखान्यातून निघाला त्या दिवशीचं विंडोज आणि ड्रायव्हर, एवढंच तिथे असतं. ते परत बसवलं की उलट सी ड्राइव्हच पुसला जातो. ‘रिकव्हरी’ या एका शब्दावर विसंबून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी बॅकअपच घेतलेला नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून सगळ्यात आधी हिशोब आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले.

मग त्या पार्टिशनची प्रत. लॅपटॉपमधल्याच प्रोग्रामने चार डीव्हीडी मागितल्या, तिसरीवर जुना रायटर अडला. शेवटी पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हा डिस्कची प्रत काढायचा प्रोग्राम चालू करून पूर्ण पार्टिशनची इमेज घेतली. विंडोजची रिपेअर डिस्क एका डीव्हीडीवर वेगळी केली, ती मात्र पहिल्या फटक्यात झाली.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पार्टिशनवर राइट क्लिक केलं तर फक्त ‘हेल्प’ येतं. त्यामुळे डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचा विंडोजचाच प्रोग्राम. बाहेरची डिस्क आधी काढून ठेवली, म्हणजे चुकून तिच्यावर काही व्हायला नको. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन ४. इथे थांबून डिटेल पार्टिशन दिलं. टाइप २७ (रिकव्हरीची खूण), हिडन येस, ॲक्टिव्ह नो. ही शेवटची ओळ महत्त्वाची. ॲक्टिव्ह पार्टिशन उडवलं असतं तर लॅपटॉप सुरूच झाला नसता. आमच्याकडे ती खूण १०० एमबीच्या पार्टिशनवर होती. आकार भाचीकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मगच टाइप केलं: डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. ओव्हरराइड लिहिलं नाही तर असं राखीव पार्टिशन हटत नाही, आणि लिहिलं तर डिस्कपार्ट ‘नक्की का?’ म्हणून विचारत नाही.

आमचं नशीब चांगलं, रिकव्हरी डिस्कच्या शेवटी होतं. त्याचे १५ आणि डीचे ४० शेजारी शेजारी आले. काही लॅपटॉपमध्ये ते सुरुवातीलाच असतं. मग विंडोज ती जागा सीला जोडत नाही, जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या प्रोग्रामने सी अख्खा मागे सरकवावा लागतो, त्यात तासन्‌तास जातात आणि मध्ये वीज गेली तर संपलंच. तेवढ्या जागेसाठी मी तो धोका पत्करला नसता.

मिंट बसवताना चौथी नोंद एक्स्टेंडेड केली आणि तिच्या पोटात दोन लॉजिकल पार्टिशन, ५० जीबीचं मिंटला आणि ५ चं स्वॅपला (रॅम कमी पडली तर वापरायची जागा). त्यांचे नंबर ५ आणि ६ आले. भाचीने लगेच विचारलं, “आत्या, चारच्या पुढे जाता येत नाही म्हणालीस ना?” तिला कागदावर चार चौकोन काढून चौथ्यात दोन छोटे चौकोन दाखवले.

आता लॅपटॉप सुरू केला की ग्रबची यादी येते, तीतून विंडोज की मिंट ते निवडायचं. विंडोज उघडून दादाला व्हिडिओ कॉलवर हिशोब दाखवले. त्याने आधी २०१४ चं मार्च काढायला लावलं, मग २०१६ चं. दोन्ही जागेवर होते.