चाकू, किल्ली, फूल

गुरुवार, रात्री उशिरा

दिग्दर्शिका माया डेरेनची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' ही फिल्म आज पुन्हा पाहिली, आवाज मुद्दाम बंद ठेवून. 1943 साली तिने आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड याने लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरात 16 मिमीच्या फिल्मपट्टीवर केलेली ही जेमतेम 14 मिनिटांची फिल्म. संवाद एकही नाही. तेइजी इतोचं संगीतही 1950 च्या दशकात चढवलेलं, मुळात ती पूर्ण मूक. मला तशीच आवडते. संगीत असलं की कधी दचकायचं ते आधीच कळतं.

एक बाई रस्त्यावरचं फूल उचलते, दाराशी येते. हातातली किल्ली निसटते आणि पायऱ्यांवरून उड्या घेत खाली जाते. टेबलावर पाव, त्यात खुपसलेला चाकू आपोआप बाहेर पडतो. खिडकीपाशी खुर्चीत तिचा डोळा लागतो आणि तेच सगळं पुन्हा सुरू होतं. काळ्या वस्त्रातली एक आकृती फूल घेऊन पुढे चाललेली, चेहऱ्याच्या जागी आरसा. ही धावते, ती नुसती चालते, तरी अंतर तेवढंच. दर फेरीला काहीतरी जागचं हललेलं असतं. टेबलावरचा चाकू जिन्यावर दिसतो. किल्ली तिच्या तोंडातून बाहेर येते.

आमच्या गाडीच्या अपघातानंतर पोलिसांना, डॉक्टरांना, भेटायला येणाऱ्यांना मी एकच हकिगत सांगत राहिले. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्या नाही. स्वप्नात मात्र ना ट्रक यायचा, ना धडकेचा आवाज. यायची ती टोलसाठी काढून ठेवलेली सुटी नाणी. कधी आईच्या पोळपाटावर, कधी माझ्या उशीखाली. हे कुणाला काय सांगणार? ही फिल्म पाहिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुणाला तरी हे माहीत आहे.

चाकू म्हणजे अमुक, किल्ली म्हणजे तमुक असा अर्थ लावत बसणारे मला सहन होत नाहीत. डेरेनलाही ते रुचत नसे. एखाद्या साध्या घटनेचं माणसाच्या अंतर्मनात केवढं काय होऊन बसतं, ते दाखवायचं होतं, असं तिने लिहून ठेवलंय. हातात चाकू घेऊन फिल्ममधली ती बाई झोपलेल्या स्वतःकडेच निघते तेव्हा फक्त पाऊल दिसतं: वाळूत, मग गवतात, मग फरसबंदीवर, मग गालिच्यावर. खोली ओलांडायला तिला जग ओलांडावं लागतं. यापेक्षा खरं असं मी पडद्यावर फार थोडं पाहिलंय.

दादाला दाखवायची आहे. तो मागच्या सीटवर होता, त्या दिवसाबद्दल आजवर चकार शब्द बोललेला नाही. शेवट मात्र आधीच सांगेन, ती खुर्चीत मेलेली सापडते म्हणून. मग पाहायची की नाही ते त्याने ठरवावं.