मूठ

मंगळवार, रात्री १०

डाव्या हाताच्या अनामिकेला फोड आलाय. फक्त डाव्या. उजवा हात धडधाकट. आणि गेले तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत फिरतेय की घोडी डाव्या बाजूला कडक आहे, लगामाला दादच देत नाही. पशुवैद्यांना बोलावून दातसुद्धा तपासून घेतले. दात ठणठणीत निघाले.

आज सरांनी आधी बसूच दिलं नाही. कडियाळं, म्हणजे लगामाला जोडलेली, घोडीच्या तोंडात बसणारी धातूची दांडी, माझ्या दोन्ही हातांत दिलं, डोळे मिटायला लावले आणि लगाम धरून स्वतः मागे उभे राहिले. आधी वाटलं, काय पोरखेळ! पण त्यांनी नुसती करंगळी आवळली तरी मला कळत होतं. मग त्यांनी माझी नक्कल केली. मूठ घट्ट, कोपर ताठ, ओढ एकसारखी. पाच-सहा सेकंदांत मीही उलट ओढायला लागले. ठरवलं नव्हतं, हात आपसूक गेले.

हे तर माझे तळवे. तिच्या तोंडात कडियाळं बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत, जिथे हिरडीच्या पातळ थराखाली थेट हाड असतं. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवणारं जनावर ते.

मग बसले, पण जागच्या जागी. डावा लगाम ओला स्पंज पिळावा तसा हळू आवळायचा आणि थांबायचं. तिने मान झटकली, माझे हात लगेच सैल. "हेच!" सर ओरडले, "आत्ता काय शिकवलंस तिला?" दाब असेपर्यंत घोडा वाट शोधत असतो, जे करताना दाब सुटतो, ते त्याच्या लेखी बरोबर उत्तर. म्हणजे मान झटकायचा धडा मीच घाबरून घाबरून तिच्याकडून पाठ करून घेतला होता. (या तीन आठवड्यांत तिला दिलेली विशेषणं आठवली. इथे लिहीत नाही.)

पुन्हा आवळला. झटकली. मी धरून ठेवलं, वाढवलं मात्र नाही. तिचा एक कान माझ्याकडे वळला. मनात अकरापर्यंत मोजलं तेव्हा कुठे जबडा सुटला, कडियाळं दातावर किणकिणलं आणि नाक बोटभर डावीकडे आलं. सोडलं! हात पार आयाळीपर्यंत पुढे. तिने तोंड चघळलं, लांब फुरफुरली. चौथ्या खेपेला मोजणं तीनवर आलं होतं.

दुडक्या चालीत सगळं मुसळ केरात. २० मीटरच्या वर्तुळात अर्ध्यावर जाते न जाते तोच मांड उसळते, आणि तोल सावरायला मी लटकते ती तिच्या तोंडाला. परवापासून सर तिला लांब दोरीवर गोल फिरवणार आणि मी वर बसणार, लगामाशिवाय. आधी मांड, मग हात, म्हणे. पकडायला काहीच नसणार याची भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

उतरून खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, सैल करायला गेले तर डावी मूठ मिटलेलीच. आत्ताही वहीची कड त्याच मुठीत आहे, कागद चुरगळलाय.