शूबर्टचं ‘ग्रेटशेन आम श्पिनराडे’ शिकताना

भावगीतं गाताना मला पेटीची सवय होती. पेटी गळ्यामागून येते, मी थांबले की तीही थांबते. ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्झ शूबर्टचं हे जर्मन गाणं (नावाचा अर्थ ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’) घेतल्यावर ती सवय मोडावी लागली. १९ ऑक्टोबर १८१४ ला, वयाच्या १७ व्या वर्षी त्यानं ते लिहिलं. शब्द जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले. नाटकातली तरुणी ग्रेटशेन एकटीच सूत काततेय आणि तिच्या प्रियकराच्या, फाउस्टच्या, आठवणीनं तिचं मन थाऱ्यावर नाही.

बाईंनी सुरुवातीला सूर लावूच दिला नाही. आधी अर्थ, मग कविता मोठ्यानं वाचायची, मग तालात म्हणायची. ‘क्यूसेन’ (चुंबन घेणं) या शब्दातल्या पहिल्या स्वरासाठी ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणावा लागतो. हे तोंडात बसेपर्यंत बाईंनी पुढे सरकू दिलं नाही.

त्यानंतर मी गप्प आणि नुसता पियानो. उजव्या हातात बारीक स्वरांची न थांबणारी गिरकी, म्हणजे चरख्याचं चाक. डाव्या हातात पायानं दाबायच्या फळीचा ठेका. चाक माझ्या आधी सुरू होतं आणि मी श्वास घेते तेव्हाही फिरत राहतं. ‘माइने रू इस्ट हिन’, माझी शांती गेली, एवढीच छोटी ओळ. पण ती गिरकी खाली असली की गाणारीला शांतपणे उभंच राहता येत नाही. शब्दांत बेचैनी आहे असं मला वाटत होतं. खरं तर ती पियानोत जास्त आहे.

पुढे ती फाउस्टची चाल, त्याचं हसू, त्याची नजर आठवू लागते. इथे डाव्या हातातला ठेका सुटतो, लांब धरलेले सूर येतात. पाय फळीवरून निघालाय, हे कवितेत कुठेही लिहिलेलं नाही. मग त्याच्या हाताचा स्पर्श, आणि ‘आख, झाइन कुस!’, त्याचं चुंबन. चाक थांबतं. तो वरचा सूर धरून ठेवायचा आणि सोडल्यावर घाई करायची नाही, कारण पुन्हा कातायला लागायचं काम पियानोचं आहे. तो अडखळत, थांबत गिरकी धरतो, आणि ती पक्की झाल्यावरच मी यायचं. माझ्या मते अख्ख्या गाण्यातली सगळ्यात अवघड जागा हीच, शेवटच्या तार सुरांपेक्षाही. तालमीचा बहुतेक वेळ आम्ही इथेच घालवला.

गटेची कविता त्याच्या चुंबनांत विरून जाण्याच्या इच्छेवर संपते. शूबर्ट त्यानंतर पहिली ओळ परत आणतो. हा कवितेवर अन्याय, असं माझ्या साथीदाराचं म्हणणं. मला ते पटत नाही. रंगमंचावर गटेचा शेवट शोभतो. इथे चाक अजून फिरतंय, त्यामुळे ग्रेटशेनला पहिल्या ओळीवर यावंच लागतं.