कंपनीच बुडाली तर मेडिक्लेमचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विम्याचं काम करणाऱ्याला हा प्रश्न हल्ली जरा जास्तच येतो, आणि त्याचं कारण विमा कंपन्या नाहीत, सहकारी बँका आहेत. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला जेमतेम हजार रुपये काढता येत होते. पुण्यात रुपी बँकेचे ठेवीदार 2013 पासून ताटकळले आणि 2022 मध्ये बँकेचा परवानाच गेला. तिथे तोंड पोळलेला माणूस मेडिक्लेमचा हप्ता भरतानाही फुंकर मारणारच.

आधी कडू भाग. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. आरोग्य विमा कंपनी बुडाली तर ग्राहकाला ठरावीक रक्कम हातात देणारी तशी योजना आपल्याकडे नाही. आमच्यातले बरेच जण इथे पटकन विषय बदलतात.

मग आधार कशाचा? दोन गोष्टींचा. पहिली राखीव निधी. समजा, 1 एप्रिलला तुम्ही वर्षाचे 36,500 रुपये भरले. कंपनीला ते त्याच दिवशी कमाई म्हणून दाखवता येत नाहीत. दिवसाच्या हिशेबाने धरलं तर रोजचे शंभर. 30 जूनपर्यंत 91 दिवस झाले, म्हणजे 9,100 कमावले. उरलेले 27,400 ही कंपनीवरची जबाबदारी. त्याशिवाय मंजुरीच्या रांगेतले क्लेम असतात, आणि रुग्ण ॲडमिट झालाय पण कागद अजून कंपनीपर्यंत पोचलेलाच नाही, असेही क्लेम असतात. या न दिसणाऱ्या क्लेमचा अंदाज ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ, बांधतो. माझ्या मते सगळ्यात निसरडी जागा हीच. अंदाज थोडा कमी धरला की नफा लगेच गोजिरा दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सॉल्व्हन्सी. सगळी देणी वजा करूनही कंपनीकडे वर किती उरलं पाहिजे, त्याचं माप. वर्षाच्या निव्वळ प्रीमियमचे 20 टक्के किंवा निव्वळ क्लेमचे 30 टक्के, यातली मोठी रक्कम धरायची. हजार कोटींचा प्रीमियम आणि आठशे कोटींचे क्लेम असतील, तर पहिल्या हिशेबाने 200 कोटी, दुसऱ्याने 240. म्हणजे 240 धरायचे (कंपनी स्वतःची जोखीम दुसरीकडे उतरवते, त्या पुनर्विम्याचे बारकावे सोडून देतो). त्याच्या दीडपट, 360 कोटी, कायम शिल्लक हवेत. हाच तो 1.5 चा सॉल्व्हन्सी रेशो. आकडा त्याखाली गेला की हैदराबादची आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था, जाब विचारते, सुधारणेचा आराखडा मागते, नवा धंदा थांबवू शकते. तिजोरी रिकामी व्हायची वाट न बघता कंपनी श्वास घेत असतानाच हात घालता यावा, यासाठी ही दीडपट.

कारण आरोग्य विम्यात तुमचा पैसा फारसा अडकलेलाच नसतो. बुडाला तर वर्षाचा हप्ता बुडेल, फार तर एखादा चालू क्लेम. तो क्लेम बायपासचा असेल तर 'फार तर' म्हणणं सोपं नाही, हे मान्य. पण त्याहून मोठं नुकसान वर्षांचं. मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबून मिळवलेला हक्क, आणि साठीनंतर नव्याने मिळवणं अवघड जातं ती पॉलिसी. ही वर्षं वाचवायची तर कंपनी जिवंत असतानाच पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे जायला हवी. अपोलो म्युनिक एचडीएफसी एर्गोकडे गेली तेव्हा पॉलिस्या चालू राहिल्या. पण तो धडधाकट कंपनीचा सौदा होता. आजारी कंपनीचं प्रकरण रेंगाळतं. सहारा लाइफवर 2017 मध्ये प्रशासक आला, तिच्या सुमारे दोन लाख पॉलिस्या एसबीआय लाइफकडे देण्याचा आदेश निघाला जून 2023 मध्ये, आणि त्याच महिन्यात अपील न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली. तो आयुर्विमा होता, तरी वेग किती असतो ते कळतं.

'सरकारी कंपनी घेतली की चिंता नाही' असं तुमच्यापैकी अनेकजण म्हणतात. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघींचा रेशो गेली काही वर्षं 1.5 च्या बराच खाली राहिलाय, चक्क शून्याच्याही खाली. 2019-20 ते 2021-22 या तीन वर्षांत केंद्राने त्यांच्यात 17,450 कोटी रुपये ओतले. क्लेम थांबले नाहीत, हे खरं. पण ते नियमामुळे नाही, मालकाच्या खिशामुळे. खाजगी कंपनीला नियम आणि सरकारी कंपनीला सवलत, हे मला पटत नाही. तुमची पॉलिसी तिथे असेल तर मात्र ती घाबरून मोडायला मी सांगणार नाही.

आता तुम्ही काय बघायचं? क्लेम सेटलमेंटचा आकडा, म्हणजे आलेल्यातले किती क्लेम कंपनीने दिले, तो सगळे बघतात; तो वेगळा. सॉल्व्हन्सी रेशो कंपनीच्या वेबसाइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर'मध्ये दर तिमाहीला येतो. एका तिमाहीने घाबरू नका, चार-सहा तिमाही ओळीने बघा. 2.2 वरून 1.9, मग 1.7 असा उतरत असेल तर रिन्यूअलच्या आधी पोर्टिंगची, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची, चौकशी सुरू करा. आधी थांबलेली वर्षं नव्या कंपनीत मोजली जातात. मात्र नवी कंपनी तुमची तब्येत बघून नाहीही म्हणू शकते. घरात वयस्कर, औषधं चालू असलेलं कुणी असेल तर त्यांची चौकशी आधी करा, तुमची नंतर. आणि नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका.