वरचे ट्रे आधी का वाळतात? पेलेट ड्रायरच्या डक्टचं काम

ठाण्यातल्या कोलशेतच्या घरामागच्या पडवीतल्या, आमसुलं वाळवायच्या ड्रायरमध्ये आता दहाही ट्रे जवळजवळ एकाच वेळी वाळून निघतात. या टप्प्यात भट्टीला हात लावलेला नाही. सगळं काम डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळात झालं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

नव्या मंडळींसाठी रचना थोडक्यात. भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी छोटी भट्टी, तासाला किलोभर पेलेट खाणारी. धूर हीट एक्सचेंजरच्या नळ्यांमधून जाऊन चिमणीने वर निघतो, नळ्यांच्या बाहेरून स्वच्छ हवा तापते. ही हवा सहा इंची पाइपने कपाटाशी येते आणि कपाटाच्या बाजूला उभ्या केलेल्या सहा इंची चौकोनी डक्टमध्ये खालून शिरते. प्रत्येक ट्रेच्या उंचीवर त्या डक्टला एक आडवी खाच आहे. किलोभर पेलेटमधून साधारण ४००० किलोकॅलरी सुटतात. चिमणीतून जाते ती उष्णता वजा केली तर हवेला तीनेक किलोवॉट मिळतात.

ठाण्यात हा खटाटोप कशाला? गावाहून रातांबे येतात मे महिन्यात, आणि आमसुलं पुरती वाळायच्या आत पाऊस गाठतो. खाडीकाठची जूनची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असते, तिच्यात काहीच वाळत नाही. तीच हवा ५५ अंशांवर नेली की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर येते. पाण्याचा एक कणही काढलेला नसतो, फक्त हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते. थंड देशांतल्या घरांत पेलेटच्या भट्टीची ऊब डक्टने खोल्याखोल्यांत फिरवतात. माझ्याकडे खोल्यांच्या जागी ट्रे आहेत, पण शेवटच्या तोंडापर्यंत हवा सारखी पोचवायची अडचण तीच.

तर अडचण अशी होती: वरचे तीन ट्रे कडक व्हायचे तेव्हा खालचे दोन चिकटच. ज्याला सांगावं तो म्हणायचा, गरम हवा वरच जाणार. मला हे पटत नव्हतं. म्हणून भट्टी न पेटवता नुसता पंखा लावला आणि प्रत्येक खाचेसमोर अगरबत्ती धरली. हवा थंडगार, तरीही वरच्या खाचेसमोर धूर आडवा पळत होता आणि सगळ्यात खालच्या खाचेसमोर जेमतेम कलत होता. म्हणजे वाटप उष्णतेमुळे बिघडत नव्हतं, दाबामुळे बिघडत होतं.

दाब मोजायला गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. सरळ उभ्या नळीत पाण्याच्या पातळीतला एक मिलिमीटर फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून ती फळीवर एकास दहा अशा उतारात ठोकली. आता एक मिलिमीटरचा फरक दहा मिलिमीटर सरकून दिसतो. पाण्यात रंगासाठी आगळाचे, म्हणजे रातांब्याच्या रसाचे चार थेंब आणि पाणी नळीला चिकटून अडू नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. नळीचं टोक डक्टच्या खालच्या भोकापासून वरच्या भोकापर्यंत नेताना आगळाची ती लाल रेघ हळूहळू पुढे सरकत गेली.

कारण असं. डक्टच्या तळाशी सगळी हवा धावत असते, माझ्याकडे सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. वाटेत एकेका खाचेतून हवा बाहेर पडली की उरलेली मंदावते आणि गेलेल्या वेगाचा बराचसा भाग दाबात परत मिळतो. वरच्या बंद टोकाशी दाब सर्वांत जास्त. तळाशी धावणाऱ्या हवेच्या वेगाचा दाब माझ्या डक्टमध्ये ११ पास्कल, म्हणजे एक मिलिमीटर पाण्याहून किंचित जास्त. गरम हवेच्या चढण्याचा जोर सहा फुटांच्या उंचीत फार तर दोन पास्कल. खाचा मोकळ्या होत्या, सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ डक्टच्या दीडपट, त्यामुळे खाचेतून हवा ढकलायला लागणारा दाबही जेमतेम तेवढाच. अशा वेळी खालीवर दहा पास्कलचा फरक पडला की वाटपाचा बट्ट्याबोळ होतो.

उपाय दोन. एक, आतमध्ये तिरका पत्रा घालून डक्ट वर निमुळता करायचा, म्हणजे वेग टिकून राहतो. दुसरा, खाचा अरुंद करायच्या. मी दुसरा घेतला, कारण नंतर स्क्रू सैल करून जमवाजमव करता येते. वागळे इस्टेटमधल्या एका डक्टिंगवाल्याकडून जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याच्या सरकत्या पट्ट्या लांबट भोकं पाडून करून घेतल्या. एकूण क्षेत्रफळ डक्टच्या निम्म्यावर आणलं. आता खाचेतून हवा ढकलायला १२ मिलिमीटर पाण्याएवढा दाब लागतो, आणि त्यापुढे वरखालचा एक मिलिमीटरचा फरक किरकोळ ठरतो.

याची किंमत पंख्याला मोजावी लागते. पात्यांचा साधा एक्झॉस्ट फॅन एवढ्या दाबापुढे हवाच देत नाही, गोगलगायीच्या आकाराचा सेंट्रिफ्युगल ब्लोअरच हवा. शिवाय अरुंद खाचेतून हवा सेकंदाला नऊ मीटरच्या वेगाने सुटते आणि ट्रेची जवळची कड आधी वाळवते. त्यासाठी खाचेपुढे तीन इंचांवर जाळीदार पत्रा उभा केला. झोत त्यावर फुटून ट्रेभर पसरतो.

पाइपबद्दल थोडंसं. उघड्या सहा फूट पाइपमधून दोनशेएक वॉट वाया जात होते, म्हणजे हवा दोनेक अंश थंड होत होती. दोन इंची रॉकवूल गुंडाळून वर अ‍ॅल्युमिनियमचा टेप मारला. काळं नायट्रिल रबर एक्सचेंजरजवळ वापरू नका, शंभर अंशांच्या पुढे ते टिकत नाही. आणि ट्रे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आमसुलाचं आम्ल जीआयचा जस्ताचा थर विरघळवतं आणि ते जस्त खाण्यात उतरतं.

सुरक्षेचं मात्र निक्षून सांगतो. एक्सचेंजरच्या सांध्यांतून धूर स्वच्छ हवेत मिसळत नाही ना, हे प्रत्येक हंगामाआधी तपासा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म पडवीत आणि घरात दोन्हीकडे लावा. विझवल्यावरही एक्सचेंजर निवेपर्यंत ब्लोअर चालू राहिला पाहिजे. वीज गेली तर तो थांबू नये म्हणून माझा इन्व्हर्टरवर जोडलेला आहे.

दहा ट्रेंवर तापमान मोजणारे दहा सेन्सर आहेत, डीएस१८बी२०. पूर्वी खालच्या-वरच्या ट्रेमध्ये नऊ अंशांचा फरक दिसायचा, आता दोनच्या आत राहतो. पुढचं काम परतीच्या हवेचं. वाळवणाच्या शेवटी कपाटातून निघणारी हवा बरीच कोरडी असते, ती बाहेर सोडणं म्हणजे पेलेट फुकट घालवणं. परतीच्या पाइपला डँपर (हवा कमीजास्त करायची झडप) बसवून निम्मी हवा ब्लोअरच्या तोंडाशी आणायचा विचार आहे. पण तशी आणली की ब्लोअरच्या मोटरपाशी पन्नास अंशांची हवा येणार, म्हणून मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला ब्लोअर शोधतोय. कुणी लहान मापात असा वापरला असेल तर त्याचं माप आणि वॅट जरूर कळवा.